दम आणि दान

पेन्शन घेऊन घरी बसलेल्या शिक्षकाच्या दोन खोडी सहसा सुटत नाहीत. दिसेल त्या मजकुराचे शुद्धलेखन तपासणे ही पहिली, आणि दिसेल त्या गोष्टीस गुण देणे ही दुसरी. या दोन्ही खोडी आमच्या अंगी पुरेपूर आहेत, याची साक्ष आमच्या घरची मंडळी कोणासही आनंदाने देतील. अडतीस वर्षे ज्या हाताने उत्तरपत्रिकांवर लाल शाईचे आकडे घातले, तो हात सेवानिवृत्तीचा हुकूम आला म्हणून एकाएकी थांबावा कसा? गुण देण्याच्या या विद्येचा आम्हांस मोठा अभिमान असे. तो अभिमान गेल्या दिवाळीत आमच्या नातवाच्या एका खेळाने उतरवला. खेळ संगणकावरचा, त्यात तलवारी, मंत्रतंत्र आणि नाना प्रकारची विचित्र श्वापदे. असल्या विषयावर आमच्या वयाच्या माणसाने लिहावे याचे वाचकांस नवल वाटेल. आम्हांसही वाटते. परंतु जेथून काही शिकावयास मिळाले त्या ठिकाणाचे नाव सांगण्यास लाजू नये, असेच आम्ही मुलांस सांगत आलो. तेव्हा आता आपल्यावर पाळी आल्यावर मागे सरणे बरे नव्हे.

आमचे कुटुंब एकत्र आहे. आम्ही उभयता, धाकटे बंधू व त्यांच्या पत्नी, आमचे चिरंजीव, सूनबाई आणि नातवंडे असा परिवार एकाच छपराखाली नांदतो. थोरला नातू ओंकार यंदा दहावीस आहे. घरात दहावीचा विद्यार्थी असला म्हणजे सगळ्या घरालाच परीक्षा असते, हे वाचकांस सांगावयास नको. त्याचे वेळापत्रक आम्ही स्वहस्ते आखून भिंतीवर चिकटवले होते. पहाटे साडेचारास उठणे, साडेसहास शिकवणीचा वर्ग, मग शाळा, संध्याकाळी दुसरा वर्ग, जेवण, आणि त्यानंतर रात्री साडेबारापर्यंत अभ्यास. दिवसाचे एकही पान कोरे राहू नये अशी ती योजना होती, आणि ती पाहून आम्हांस समाधान वाटे. पुढे सहामाहीचा निकाल लागला. गणितात शेकडा ३१ गुण! आम्ही चष्मा पुसून तो आकडा दोनदा वाचला. ज्या घरात तीन पिढ्या पाढे दिवेलागणीस म्हटले गेले, त्या घरात एकतीस! आम्ही मुलास रागावलो नाही. त्याहून वाईट केले. तीन दिवस त्याच्याशी बोललो नाही.

चौथ्या दिवशी दुपारी माडीवरून खटखट आवाज येऊ लागला. आमच्या बंधूंचे चिरंजीव पुण्यास नोकरीस असतात. कॉलेजात असताना त्यांनी घेतलेला जुना संगणक माडीवर पडून आहे. आजकालचे खेळ त्यावर चालत नाहीत, परंतु त्यांच्या वेळचा ‘मॉरोविंड’ नावाचा एक खेळ चालतो. ओंकार तोच खेळत बसला होता. आम्ही जिना चढलो तो चार शब्द सुनावण्याच्या निश्चयाने. पाहतो तो पडद्यावर समुद्रकिनारा, किनाऱ्यावर मोठा थोरला खेकडा, आणि त्याच्यावर ओंकारचा वीर खंजिराचे वार करीत आहे. खंजीर खेकड्याच्या अंगातून आरपार जाताना आम्ही डोळ्यांनी पाहिला. पण खेकड्यास त्याची दादही नाही. उलट खेकड्याच्या नांग्या मात्र वीरास नेमक्या बसत होत्या. मुलाचे डोळे भरून आले होते. आमची चाहूल लागताच तो म्हणाला, “आजोबा, बघा ना. लागतंय, पण लागतच नाहीये!”

सुनवावयाचे ते शब्द ओठांतच राहिले. हे वाक्य आपण पूर्वी कोठे तरी ऐकले आहे असे वाटले. कोठे, ते आठवेना. तीन दिवसांचा अबोला असा खेकड्यापायी सुटला, आणि आम्ही स्टूल ओढून त्याच्याजवळ बसलो.

दोन दिवसांनी भाऊबीजेस पुतणे आले. त्यांस विचारले तेव्हा ते हसून म्हणाले, “काका, त्या खेळात तलवार दिसते तिथं लागत नाही. आत हिशेब असतो, तो म्हणेल तर लागते.” हिशेब म्हटल्यावर आमचे कान टवकारले. खेळात हा हिशेब कोठे मांडून दाखवलेला नाही; परंतु खेळणाऱ्या लोकांनी पुष्कळ खटपट करून तो शोधून काढला आणि लिहून ठेवला आहे. पुतण्यांनी तो कागदावर छापून दिला. त्या रात्री आम्ही पाटी-पेन्सिल घेऊन बसलो. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “मुलाला उठवायला गेलात आणि स्वतःच बसलात!” ते खरेच होते.

आता खेळाची थोडी ओळख करून देणे जरूर आहे. अमेरिकेतील मेरिलँड राज्यात रॉकव्हिल येथे बेथेस्डा नावाची कंपनी आहे. तिने २००२ साली हा खेळ काढला. ‘द एल्डर स्क्रोल्स’ या मालेतील तो तिसरा. खेळाच्या आरंभी आपण एक बंदिवान असतो आणि एका काल्पनिक बेटावरील बंदरगावी गलबतातून उतरवले जातो. तेथील कचेरीत आपली नोंद होते: नाव काय, कुळी कोणती, धंदा कोणता, जन्मनक्षत्र कोणते. उत्तरांवरून एक तक्ता तयार होतो. त्यात ८ अंगभूत गुण असतात: बळ, बुद्धी, मनोनिग्रह, चापल्य, वेग, काटकपणा, व्यक्तिमत्त्व आणि दैव. त्यांखेरीज २७ कौशल्ये: लांब तलवार, आखूड पाते, कुऱ्हाड, भाला, ढाल, मंत्रविद्या, कुलपे उघडणे इत्यादी. त्यांपैकी ५ आपण प्रमुख म्हणून निवडावयाची; त्यांचा आरंभ ३० अंकांपासून होतो. आणखी ५ दुय्यम. त्यांचा १५ पासून. उरलेल्यांस नुसते ५. कुळीपरत्वे आणि धंद्याच्या कलाप्रमाणे त्यांत थोडी भर पडते. हा तक्ता पाहून आम्हांस गाव सोडून गेलेला मनुष्य परदेशात भेटावा तसा आनंद झाला. कारण ते दुसरेतिसरे काही नसून प्रगतिपुस्तक होते.

युद्ध अंकांनी आणि फाशांनी खेळण्याची ही कल्पना आजची नव्हे. प्रशियात राइसविट्झ नावाच्या गृहस्थाने १८१२ साली नकली भूमीवर सैन्ये हलविण्याचा एक खेळ राजास दाखविला, आणि त्याच्या सैन्यात अधिकारी असलेल्या मुलाने १८२४ साली त्याचे नियम छापले. लढाईत केवळ शौर्य किंवा केवळ संख्या चालत नाही, काही भाग यदृच्छेचा असतो, म्हणून कोणाची किती हानी झाली ते फासे टाकून ठरवावयाचे, अशी त्यात योजना होती. पुढे १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्यात सैन्याच्या जागी एकेकटा वीर आला, त्याच्या गुणांस आकडे मिळाले, आणि वार लागला की चुकला याचा निकाल वीस बाजूंच्या फाशावर सोपविला गेला. मेजाभोवती बसून खेळताना एक गृहस्थ पंच होऊन हिशेब करी; संगणकाच्या खेळात ते काम यंत्र करते, आणि ते इतक्या गुपचूप करते की, हिशेब झाला हेच खेळणाऱ्यास कळत नाही. ओंकारची सारी फजिती यातून उद्भवली होती. तो डोळ्यांनी पाहत होता. यंत्र गणित करीत होते.

ते गणित असे आहे. हाती जे शस्त्र असेल त्याच्या कौशल्याचा अंक घ्यावा. त्यात चापल्याचा पाचवा हिस्सा आणि दैवाचा दहावा हिस्सा मिळवावा. आलेल्या बेरजेस दमाच्या गुणकाने गुणावे. दम पुरा असेल तर गुणक सव्वा. दम अगदी सरला असेल तर पाऊण. अधेमधे असेल तर त्या मानाने अधलामधला. हा झाला आपला मारा. प्रतिपक्ष्याच्याही चापल्याचा पाचवा आणि दैवाचा दहावा हिस्सा घेऊन, त्याच्या दमाच्या गुणकाने गुणून, जे येईल ती त्याची वार चुकविण्याची शक्ती. ती आपल्या माऱ्यातून वजा करावी. मंत्रांचा प्रभाव नसेल तर उरेल तो अंक म्हणजे शंभरांत इतके वार लागण्याचा संभव. मग यंत्र आपल्या पोटात फासा टाकते, आणि जे दान पडेल त्याप्रमाणे वार लागतो किंवा वाऱ्यावर जातो.

सव्वा आणि पाऊण हे शब्द ऐकताच आम्ही लहानपणच्या पंतोजींच्या शाळेत जाऊन पोहोचलो. सवायकी आणि पाऊणकी आम्ही छड्या खाऊन पाठ केलेल्या. साठ वर्षांनी त्या एका परदेशी खेळात उपयोगी पडतील असे पंतोजींस सांगितले असते, तर आणखी एक छडी मिळाली असती!

आम्ही ओंकारास पाटीवर उदाहरण घालून दिले. समजा, वीराचे कौशल्य ३०, चापल्य ४०, दैव ४०. तर ३० आणि ८ आणि ४ मिळून ४२. दम पुरा असल्यास सवापट, म्हणजे ५२.५. प्रतिपक्षीही चापल्य ४० व दैव ४० असलेला आणि ताजातवाना असेल, तर त्याचे ८ आणि ४ मिळून १२, त्याची सवापट १५. वजा जाता उरले ३७.५. म्हणजे शंभरांत साडेसदतीस वार लागावयाचे. आता तोच वीर दमलेला घ्या. ४२ ची पाऊणपट ३१.५, त्यातून १५ गेले, उरले १६.५. मनुष्य तोच, विद्या तीच, तलवार तीच. लागणारे वार मात्र निम्म्याहूनही कमी.

“पण माझे तर तेवढेपण लागत नव्हते,” ओंकार म्हणाला.

त्याचे कारण तक्ता पाहताच सापडले. त्याने प्रमुख कौशल्य निवडले होते लांब तलवारीचे. आणि हाती होता खंजीर, जो आरंभीच्या कचेरीत फुकट सापडतो. खंजीर मोडतो आखूड पात्यांत, आणि त्या कौशल्यात त्याचे अंक अवघे ५. तेव्हा ५ आणि १२ मिळून १७, सवापट २१.२५, वजा १५, उरले ६.२५. ताज्या दमाने लढला तरी शंभरांत सहाच वार लागावयाचे. परंतु ताजा दम तरी कोठून आणावा? हा मुलगा गावातून किनाऱ्यापर्यंत धावत आलेला. या खेळात चालल्याने दम राहतो, धावल्याने सरतो, आणि प्रत्येक वाराबरोबरही थोडाथोडा जातो. पडद्याच्या कोपऱ्यात तीन पट्ट्या असतात: तांबडी प्राणांची, निळी मंत्रशक्तीची आणि हिरवी दमाची. प्राणांची पट्टी सगळेच पाहतात. हिरवीकडे कोणी लक्ष देत नाही. ओंकारची हिरवी पट्टी रिकामी होती. १७ ची पाऊणपट १२.७५. त्यातून १५ वजा करावयाचे म्हटले तर उणे संख्या येते. अशा तोलाच्या प्रतिपक्ष्यावर त्याने सबंध दिवस खंजीर चालविला असता तरी एकही वार लागला नसता!

मुलगा थक्क होऊन पाटीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे मी वाईट खेळत नव्हतो?” आम्ही म्हणालो, “तू ज्याची विद्या नाही ते शस्त्र घेऊन, दमल्या अंगाने लढत होतास. यात वाईट काही नाही; हिशेब नाही इतकेच.” दुसऱ्या दिवशी त्याने वीरास एक जुनी लांब तलवार मिळवून दिली, किनाऱ्यापर्यंत सावकाश चालवत नेले, आणि खेकडा पडला. घरात बारसे असावे तसा माडीवर जल्लोष झाला.

येथवर सर्व गंमतच होती. परंतु त्या रात्री पाटी पुसण्यापूर्वी आम्ही सहज आणखी एक उदाहरण मांडले. कौशल्य ६० असलेला वीर घेतला, पण दमलेला. ६० आणि १२ मिळून ७२. त्याची पाऊणपट ५४. त्यातून १५ वजा, उरले ३९. वर कौशल्य ३० असलेल्या ताज्या वीराचे उत्तर आले होते ३७.५. दोन्ही आकडे शेजारीशेजारी लिहिले आणि पेन्सिल थांबली. साठांचा दमलेला मनुष्य आणि तिसांचा ताजा मनुष्य, दोघे रणांगणावर जवळजवळ सारखेच दिसतात. बाहेरून पाहणाऱ्यास दोघांत भेद करता येणार नाही. त्याने फक्त वार मोजले, तर तो साठांच्या माणसास तिसांचा म्हणेल. आणि आमच्या शाळेत तीस म्हणजे नापास.

मग ते वाक्य कोठे ऐकले होते ते आठवले.

१९८९ साल असावे. आमच्या सातवीच्या वर्गात दोन कोसांवरच्या वाडीतून एक मुलगा येत असे. नाव येथे सांगत नाही. वडील अंथरुणास खिळलेले. पोरगा पहाटे उठून म्हशींच्या धारा काढी, डेअरीवर दूध घाली, आणि मग चालत शाळेस येई. पहिला तास गणिताचा. फळ्याजवळ उभा केला की त्याचे सोपे गुणाकार चुकत. एकदा आम्ही फार बोललो, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, “गुरुजी, येतंय मला, पण हितं आलं की येतच नाही.” वर्ग हसला. खरे सांगावयाचे तर आम्हीही हसलो. मधल्या सुटीत भाकरी खाऊन, चिंचेखाली घटकाभर पडून आला की तोच मुलगा दुपारी पाढे बिनचूक म्हणे. आम्ही त्यास लहरीपणा म्हणत असू. वर्षाअखेरीस त्याच्या प्रगतिपुस्तकावर आमच्या वळणदार अक्षरात शेरा पडला: बुद्धी मंद. त्यानंतर तो शाळेत आला नाही.

त्या पोराची पहाट आम्हांस ठाऊक नव्हती असे नाही. सगळ्या गावास ठाऊक होती. परंतु ठाऊक असणे निराळे आणि हिशेबात धरणे निराळे. खेळ रचणाऱ्या त्या परक्या लोकांनी दमाचा अंक हिशेबात धरला. अडतीस वर्षे मुलांत वावरलेल्या आम्ही तो धरला नाही. आम्ही फक्त लागलेले वार मोजले.

महाभारताच्या वनपर्वातील नलाची कथा आम्ही पाठशाळेत शिकलो आणि पुढे कित्येकदा मुलांस सांगितली. नल द्यूतात राज्य हरला, रूप पालटून अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. एकदा रथ दौडत असता ऋतुपर्णाने वाटेवरच्या बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे केवळ दृष्टीने मोजून सांगितली. नलाने रथ थांबवून ती मोजून पाहिली, तो संख्या बरोबर! तेव्हा नलाने आपली अश्वविद्या देऊन त्याच्याकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, घेतले. ते प्राप्त होताच त्याच्या अंगात शिरलेला कली बाहेर पडला. प्राचीन काळी याच बेहड्याची फळे फासे म्हणून वापरीत, आणि कली हे हीन दानाचेही नाव होते. ही कथा सांगताना आम्हांस नेहमी एक शंका येई की, झाडाची पाने मोजण्याचा आणि फाशांचा संबंध तो काय? माडीवर पाटी घेऊन बसलो तेव्हा ती शंका फिटली. दान काय पडणार हे कोणासच ठाऊक नसते. परंतु झाडावर किती पाने आहेत हे ज्यास मोजता येते, त्यास एका दानाची भूल पडत नाही. पडलेल्या एका दानावरून आपण दुर्दैवी आहोत, किंवा समोरचा मूर्ख आहे, असे समजून चालणे हाच कली. ओंकारच्या अंगातला कली खेकड्याबरोबर गेला. आमच्या अंगातला तीस-पस्तीस वर्षे मुक्काम करून होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही भिंतीवरचे वेळापत्रक काढले. पहाटे साडेचार ते रात्री साडेबारा, म्हणजे निजावयास चार तास. शाळा आणि दोन वर्ग यांची धाव संपल्यावर, रात्री हिरवी पट्टी रिकामी झाली असता, आम्ही त्या मुलाच्या हाती गणित देत होतो, आणि परीक्षेसही तसेच पाठवीत होतो. वाडीतला मुलगा परिस्थितीने दमला होता. आमचा नातू आमच्या प्रेमाने दमला होता. हिशेबास दोन्ही सारखेच. खेळात एक नियम आहे तो त्या दिवशी आम्हांस फार अर्थपूर्ण वाटला. निवडलेल्या कौशल्यांत मिळून १० वेळा वाढ झाली म्हणजे वीर वरच्या पातळीस जाण्यास पात्र होतो. परंतु निजल्यावाचून ती पातळी पदरात पडत नाही. शिकलेले अंगी लागावयास झोप पाहिजे, हे आमची आई अक्षरओळख नसताना सांगत असे.

नवे वेळापत्रक केले. रात्री दहास दिवा बंद. सकाळचा वर्ग सोडविला. गणित सकाळी, अंग हलके असता. सूनबाईंस काळजी वाटली, आणि ती रास्त होती. त्या म्हणाल्या, “बाबा, सगळी मुलं जागतात, आणि आपलाच झोपला तर?” आम्ही त्यांच्यापुढेही पाटी ठेवली. दुसरी बाजूही सांगितली, कारण ती न सांगणे लबाडी झाली असती. कौशल्य ५ असलेला मनुष्य कितीही ताजा असला तरी त्याचे शंभरांत सहाच वार लागतात. दम हा गुणक आहे. आणि गुणण्यास मुळात काही असावे लागते. मूळ अंक वाढतो तो सरावानेच. या खेळातही शस्त्राचे कौशल्य ते शस्त्र चालवून, वार लागून वाढते; किंवा गुरूस द्रव्य देऊन. तेव्हा झोप म्हणजे आळसास परवाना, असा अर्थ आमच्या नातवाने काढलेला नाही, आणि वाचकांच्या घरातील मुलांनीही काढू नये.

पुतणे म्हणतात की, याच मालेत २००६ साली पुढचा खेळ निघाला, त्यात ही वार चुकण्याची रीत काढून टाकली. तलवार दिसेल तेथे लागते, कौशल्याप्रमाणे फक्त जखम लहानमोठी होते. त्यानंतरच्या २०११ सालच्या खेळात तर आठ अंगभूत गुणांचा तक्ताच राहिला नाही. पुष्कळ लोकांस जुनी रीत चिडवणारी वाटे. वाटावयाचीच, डोळ्यांस लागलेला दिसणारा वार चुकला म्हणून सांगितलेले कोणास रुचेल? तरी आम्हांस जुनीच रीत खरी वाटते. जगात आम्ही असेच वार चुकताना पाहिले आहेत. खेळाचा आणि जगाचा फरक इतकाच की, खेळात हिरवी पट्टी कोपऱ्यात दिसते. मुलाच्या, सुनेच्या, शेतावरून आलेल्या गड्याच्या डोक्यावर ती दिसत नाही. ती घरातल्या वडीलधाऱ्यांनी पाहावयाची असते.

पौषात एके दिवशी एस.टी.ने त्या वाडीस जाऊन आलो. घराच्या भिंती पडल्या आहेत. एक चुलतभाऊ भेटला. त्याने सांगितले की तो बरीच वर्षे सुरतेकडे असतो, मुलेबाळे आहेत, बरे चालले आहे. आम्ही पत्ता मागितला. चुलतभाऊ नम्रपणे म्हणाला, “देतो की. पण काय काम काढलंत, गुरुजी?” आम्हांस उत्तर देता आले नाही. काय सांगावे? की छत्तीस वर्षांपूर्वी तुमच्या भावास दिलेला शेरा चुकला, आणि ते आम्हांस एका खेकड्याने सांगितले? पत्ता खिशात आहे. पत्र तीनदा लिहून फाडले. हा लेख संपल्यावर चौथ्यांदा बसणार आहोत.

ओंकारास जानेवारीच्या सराव परीक्षेत गणितात ४६ गुण पडले. घरी पेढे आणण्याची भाषा झाली, ती आम्हीच थांबविली. एकतीस हे एक दान होते. सेहेचाळीस हेही एकच दान आहे. पहिल्याने जर मुलगा मंद ठरत नाही, तर दुसऱ्याने तो पंडितही ठरत नाही. मात्र परवा सकाळी एक त्रैराशिक चुकले तेव्हा तो रडला नाही, की त्याने पाटी आपटली नाही. उठून पाणी प्याला, अंगणात एक फेरी मारून आला, आणि पुन्हा मांडून बसला. त्यास मात्र आम्ही मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण दिले. खोड जात नाही, ती ही अशी.

उपनिषदात प्रजापतीने देव, मनुष्य आणि असुर या तिन्ही लेकरांस ‘द’ हे एकच अक्षर सांगितले. त्याचा अर्थ कोणी दम घेतला, कोणी दान, कोणी दया. तेथला दम इंद्रियांचा निग्रह, आणि दान म्हणजे देणे. आमच्या खेळातला दम आणि दान यांचा त्यांच्याशी नावापुरताच संबंध, हे आम्ही जाणतो. तरी दम आणि दान यांचा सगळा हिशेब मांडून झाल्यावर गुण देणाऱ्याच्या हातात शेवटी तिसरेच अक्षर उरावे, असे आम्हांस आता वाटते.

असो. दहा वाजत आले. माडीवरचा दिवा अजून दिसतो आहे. तो मालवावयास उठले पाहिजे.